बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी

तपोवनात जाताना पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

०

झेंडू सुतक पाळत नाही. फुलला की तोडावाच लागतो.

०

पाटी डोक्यावर असली की मान वळवता येत नाही. सायकलच्या कॅरिअरला बांधली असली की येते.

०

भुसावळची एस.टी. मालेगावला वीस मिनिटं थांबते. नाशिकात द्वारकेच्या चौकात नुसती हळू होते. उतरणाऱ्याने आधीच दारात यावं.

०

कुसाबाईला लिहिता येत नाही. पत्ते पाठ आहेत.

०

घरात तारेची पावती नाही. या घरात बैलाला टोचलेल्या लसीची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवलेली आहे.

०

सुपाऱ्या पाच.

०

५. पांडवलेणी. पायऱ्या बऱ्याच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली चहा घ्यावा.

कागद शुभांगीने केला होता. कॉलेज रोडवर ज्या ऑफिसात ती पत्रिका आणि बिलबुकं टाइप करायची, तिथल्याच कॉम्प्युटरवर, काम सुटल्यावर थांबून. धाकट्या हर्षालीचं लग्न, मुलाकडचे अकोल्याचे, आणि अकोल्याच्या मंडळींनी तीनदा फोन करून विचारलं होतं की मे महिन्यात एवढे येतोच आहोत तर बघण्यासारखं काय काय आहे. म्हणून तिने सात नंबर घालून ठिकाणं आणि सूचना लिहिल्या, रिक्षा कुठून मिळते ते लिहिलं, आणि वर ठळक अक्षरांत मथळा टाकला: बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी.

आप्पांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, कागद लांब धरून वाचला होता आणि एकच चूक काढली होती. गोदावरी कशाला लिहिलंस, गंगा लिही. शुभांगी म्हणाली, अकोल्याच्या लोकांना गंगा म्हटलं तर ते काशीला जातील. आप्पा हसले नाहीत. पंचाहत्तरीला आलेले रंगनाथ विधाते लग्नघरात फार हसत नसत.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तिने अंगणातल्या मांडवात चहाबरोबर कागद वाटले. नाशिकजवळच्या मखमलाबादचं घर माणसांनी भरलं होतं. तिचे वडील कोंडाजी सातपूरच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे. त्यांनी आठ दिवसांची रजा टाकली होती आणि तरी सवयीने पाचला उठून सगळ्यांना उठवत फिरत होते. कागद पाहून ते म्हणाले, आम्ही जन्मभर नाशिकचे, पण लेणी बघितली ती शाळेच्या सहलीत, मास्तरांच्या छड्या खात. लोक हसले.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर छायाआत्या होती. काल संध्याकाळी एकटीच भुसावळहून आलेली. शुभांगीने तिच्याही हातात एक कागद दिला.

"मलापण?" छाया म्हणाली.

"हो आत्या. तुम्ही पहिल्यांदाच येताय ना."

छायाने मथळा वाचला. मग सातही नंबर वाचले, सावकाश, परीक्षेचा पेपर वाचावा तसे.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

शुभांगी पुढच्या खुर्चीकडे गेली आणि तिथेच तिला कळलं की आपण काय केलं. छाया आप्पांच्या सख्ख्या भावाची मुलगी. तो भाऊ, सहादू, याच घरात जन्मला, याच अंगणात झेंडूच्या पाट्या भरत मोठा झाला, आणि मालेगावला फुलं विकायला जाता जाता तिथल्या एका कापड विणणाऱ्या, परजातीच्या मागवाल्याच्या मुलीशी लग्न करून बसला, म्हणून चौतीस वर्षांपूर्वी या अंगणातून बाहेर पडला. त्याच्या मुलीला आपण रिक्षा कुठे मिळते ते सांगितलं होतं.

मागे वळून कागद परत मागणं आणखी वाईट दिसलं असतं. ती वळली नाही.

०

२. काळाराम मंदिर. दगड दुपारी तापतो. मोजे घालून यावं.

छायाला लग्न पाहायचं नव्हतं. हर्षालीला तिने काल पहिल्यांदा पाहिलं. गोड मुलगी, बस.

पत्रिका आली तेव्हा भुसावळच्या घरात बराच वेळ ती कोणी हातात घेतली नव्हती. वडील सहादू जाऊन पाच वर्षं झाली होती. अस्थी तापीत सोडल्या. नाशिकला न्यायचं कोणाच्या तोंडून निघालं नाही. पत्रिकेवरचं अक्षर अनोळखी होतं. शेवटी आईने ती उचलली. आई मालेगावची, रागावली किंवा घाबरली की अहिराणीत जायची.

"तू जाय," ती म्हणाली. "लगीन नको देखू. देवक बसाडतस, तवय त्यासनं नाव लेतस का, एवढं देखी ये." नवऱ्याचं नाव घेतात का, तेवढंच तिला कळायला हवं होतं.

विधात्यांच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी देवक बसवतात, तेव्हा गेलेल्या माणसांना लग्नाचं बोलावणं करतात. पाटावर एकेकाच्या नावाची सुपारी ठेवायची. घरातल्या थोरल्याने नाव घ्यायचं आणि म्हणायचं, ये. ज्याला बोलावलं तो घरचा. सहादूने हे छायाला लहानपणी कितीदा सांगितलं होतं, सुपाऱ्यांच्या जागी चिंचोके मांडून. स्वतःच्या आजोबांना, आजीला, वडिलांना तो चिंचोक्यांतून हाक मारायचा.

सहादूची आई वारल्याचं त्याला कळवलंच नाही, असं भुसावळच्या घरात म्हणत. तार केली तरी तो आला नाही, आईच्या दहाव्यालासुद्धा आला नाही, असं मखमलाबादच्या घरात म्हणत. दोन्ही घरं बावीस वर्षं आपापलं वाक्य सांभाळून होती. बाप स्वतः काहीच म्हणायचा नाही.

छायाने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. संध्याकाळपर्यंत मांडवात बसून नवख्या बायकांच्या चौकशांना उत्तरं देणं तिला जमलं नसतं. दहाच्या सुमाराला शुभांगी आली आणि म्हणाली, आत्या, मी येते तुमच्याबरोबर. कुठे जायचं?

"पहिल्या नंबरपासून सुरू करू," छाया म्हणाली.

०

१. रामकुंड. इथल्या काही गुरुजींकडे बाहेरगावहून येणाऱ्या घराण्यांच्या जुन्या वह्या असतात. आपलं गाव आणि आडनाव सांगा. पणजोबांची सही सापडू शकते. (नाशिककरांची सापडत नाही.)

कुंडावर ऊन पांढरं झालं होतं. एका बाजूला गुजरातेतून आलेली बस रिकामी होत होती, दुसऱ्या बाजूला ताजं मुंडण केलेले तीन भाऊ ओल्या धोतरात एका ओळीत बसले होते. शुभांगीच्या कागदावर हे नव्हतं. लग्नाच्या पाहुण्यांसाठी तिने कुंड लिहिलं, मंदिरं लिहिली, संध्याकाळची आरती लिहिली. इथे लोक मुख्यतः कशासाठी येतात ते सोडून दिलं.

गुरुजींनी विचारलं, "गाव?"

"भुसावळ."

"मूळ गाव?"

"मखमलाबाद."

गुरुजी हसले. "ताई, ते इथून तासाभराची चाल. त्यांची वही कशाला असेल? ते रोज येतात."

"भुसावळच्या वहीत बघा. विधाते."

लाल कापडाचं गाठोडं सुटलं. लांबट वह्या, कडा काळ्या पडलेल्या. गुरुजींचं बोट आडनावांवरून खाली घसरत राहिलं. शुभांगीला वाटलं, नसावं. नसलं तर आपण कुल्फी खाऊ, काळारामाला जाऊ, घरी जाऊ.

"सहादू बहिरू," गुरुजी म्हणाले. "हे का?"

नोंद पाच ओळींची होती, पेन्सिलीने गिरवल्यासारख्या जाड अक्षरात. छायाने वडिलांचं अक्षर ओळखलं. तिने वाचलं नाही, वही शुभांगीकडे सरकवली. शुभांगीने छायाच्या पर्समधला तोच कागद मागून घेतला आणि त्याच्या कोऱ्या बाजूला उतरवून घेतलं:

*सहादू बहिरू विधाते, मूळ मखमलाबाद, हल्ली भुसावळ, रेल्वे चाळ. कन्या छाया. आई चिमणाबाई हिचा दहावा काल घरच्यांनी केला. मला आज पोचता आलं. मी एकट्याने केला. घरून तार नाही. बोलावल्याशिवाय घरी जाणार नाही. २१ मार्च १९७९.*

गुरुजी म्हणाले की हे आमच्या वडिलांच्या वेळचं. लोक नुसतं नावगाव लिहितात. काहींना जास्त लिहायचं असतं, त्यांना कोण अडवणार.

"आले होते," छाया म्हणाली. "आणि आम्हालापण सांगितलं नाही."

मग तिने गुरुजींना विचारलं, आज मला काही लिहिता येईल का. गुरुजींनी पेन दिलं. तिने नोंदीखाली वडील गेल्याची तारीख लिहिली आणि पुढची ओळ रिकामी ठेवायला सांगितली. संध्याकाळी काय होतं ते बघून कळवते, म्हणाली.

०

४. दुपारी बाहेर पडू नये.

कुसाबाईने, आप्पांच्या बायकोने, कागद हातात घेतला, उलटा धरला, आणि परत दिला. "वाच."

स्वयंपाकघरात पुरणाचा वास होता. शुभांगीने पाच ओळी वाचल्या. दारात कोंडाजी उभे होते आणि आत पाटावर, पाण्याचा तांब्या हातात धरून, रंगनाथ. छाया मुद्दाम आत आली नव्हती. ती मागच्या ओट्यावर हर्षालीच्या हळदीच्या साड्या वाळत घालत होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

"तुमी तर म्हनला व्हता तार केली," कुसाबाई नवऱ्याला म्हणाली.

रंगनाथ पाणी प्यायले.

"केली व्हती का?"

"नाय."

बावीस वर्षांचं वाक्य एवढ्यात संपलं. कोंडाजींना ते पटकन बंद करायचं होतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली की झालं ते झालं, आजी गेली, काका गेले, उद्या बाराला अक्षता आहेत, मांडवात अकोल्याची माणसं येऊन-जाऊन आहेत, आज नवीन नाव घेतलं तर भाऊबंद विचारतील हा कोण, मग मागवाल्याची गोष्ट निघेल. लग्न पार पडू दे. मग आपण वेगळा विधी करू, छायाताईला बोलावू, मी स्वतः भुसावळला आणायला जाईन.

"चौतीस वर्षं हेच चाललंय," कुसाबाई म्हणाली. "आज नको. मग करू."

"आई, तू यात पडू नको."

"मी बावीस वर्षांपूर्वीच पडले. पोस्टकार्ड मी टाकलं व्हतं. पोस्टातल्या कारकुनाकडनं लिवून घेतलं. चिमणाबाई वारल्या, एवढंच. पत्ता मला पाठ व्हता." तिने पुरणावरचं झाकण उघडून पुन्हा ठेवलं. "कार्ड पोचलं का नाय ते आज कळलं. आन् ही पत्रिका पन म्याच धाडायला लावली. शुभांगीला विचारा."

कोंडाजींनी मुलीकडे पाहिलं. शुभांगीने मान हलवली. सकाळपर्यंत ती वडिलांच्या बाजूची होती; पत्रिका पाठवण्यापलीकडे तिला यात काही माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं. आता ती आजीच्या शेजारी उभी राहिली, जागा नसताना.

रंगनाथ इतका वेळ तांब्याकडे बघत होते. ते बोलले तेव्हा आवाज चढला नव्हता.

"जातीतली चार मानसं येऊन सांगून गेली व्हती. सहादू आला तर आमी गंगेवर येनार नाय. आईला न्यायला खांदा कुनाचा घेतला असता? तुझा?"

"माझा घेतला असता," कुसाबाई म्हणाली. "दिला असता."

अंगभर हळद लावलेली हर्षाली आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उभी होती; हळदीच्या अंगाने घरभर फिरू नये म्हणून तिला सकाळपासून ओरडा बसत होता. ती म्हणाली, "बाबा, लग्न माझं आहे. कोणाला बोलावायचं ते एकदा मला पण विचारा."

"तू आत हो," कोंडाजी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता, आणि ती आत झाली नाही.

०

७. वेळ उरल्यास.

दिवेलागणीला देवघरासमोर पाट मांडला. आंब्याची आणि जांभळीची डहाळी सुपात आली. कोंडाजी आणि त्यांची बायको जोडीने बसले. भाऊबंदांतले दहा-बाराजण भिंतीला टेकून. अकोल्याचं कोणी नव्हतं, त्यांना शुभांगीने आरतीला कुंडावर पाठवलं होतं.

रंगनाथांनी सुपाऱ्या स्वतः मांडल्या. गेल्या तीस वर्षांत या घरातली सगळी देवकं त्यांनीच बसवली होती, कोंडाजींच्या लग्नापासून. पाच सुपाऱ्या. बोटांना त्यांची जागा माहीत होती.

शेजारी बायकांमध्ये कुसाबाई बसली होती. तिने कनवटीची सुपारी काढली आणि पाचवीच्या शेजारी ठेवली. ठेवताना तिने कोणाकडे पाहिलं नाही. भाऊबंदांत कोणीतरी खाकरलं.

छाया दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. आईने सांगितलेलं ती पाहत होती.

रंगनाथांनी सुरुवात केली, ज्याचं नाव मुलाला ठेवलं त्या आज्यापासून. "कोंडाजी आजा, ये. आजी नवसाबाई, ये." आवाज रोजच्यासारखा, थोडा सपाट, विहिरीवरून माणसाला हाक मारावी तसा. "बहिरू बाबा, या, पणतीचं लगीन हाय. आई, चिमणाबाई, ये. लहानूकाका, या."

बोट सहाव्या सुपारीवर आलं आणि थांबलं.

त्यांच्या बंडीच्या खिशात शुभांगीचा कागद होता. दुपारी त्यांनी तो मागून घेतला होता आणि नेहमीसारखा लांब धरून दोनदा वाचला होता. एका बाजूला तपोवन, सोमेश्वर, मोजे, पाण्याची बाटली. दुसऱ्या बाजूला भाऊ. बोलावल्याशिवाय घरी जाणार नाही. तो लहानपणापासून असाच. जेवायलासुद्धा हाक मारल्याशिवाय उठायचा नाही, आणि हाक थोरल्याने मारायची. आईने मारली तर ऐकू आलं नाही असं करायचा.

भिंतीजवळचे एक चुलतभाऊ हळूच म्हणाले, आप्पा, उरकून घ्या, मुहूर्त टळेल.

रंगनाथांनी मान वर केली. दाराकडे पाहिलं.

"छाया," ते म्हणाले. "तू ये पुढं. तूच बोलव त्याला. तुझा बाप हाय. मला त्वांड नाय."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कोंडाजींच्या खांद्यांतून सुटका झाल्यासारखं काहीतरी गेलं. हे बरं झालं, मुलीने बापाला बोलावलं, कोणाला काही म्हणता येणार नाही. कुसाबाईने मात्र डोळे मिटले.

छाया पुढे आली नाही.

"मोठे काका," ती म्हणाली, "मी त्यांना रोज बोलावते. माझ्या बोलावण्याची ते वाट बघत नव्हते."

बाहेर मांडवात कोणीतरी माईक तपासत होतं, हॅलो, हॅलो.

कोंडाजी उठायला लागले. मधल्या मधे काहीतरी करावं, तिला बसवावं, वडिलांना पाणी द्यावं. देवकाला बसलेल्याने मधेच उठायचं नसतं. बायकोने त्यांच्या उपरण्याचं टोक धरून त्यांना खाली बसवलं. मग ते बसले, आणि पहिल्यांदाच वडिलांकडे मुलगा पाहतो तसं न पाहता, एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात तसं पाहिलं.

"आप्पा," ते म्हणाले. "घ्या नाव. मी सांगेन विचारलं तर. माझे काका होते म्हणून."

रंगनाथांनी सुपारी उचलली. एवढी वर्षं या पाटावर त्यांनी कधी सुपारी उचलली नव्हती, नुसतं बोट ठेवायचे. ती त्यांनी तळहातावर घेतली.

"सहादू," ते म्हणाले.

त्यांनी नाव पुन्हा घेतलं, या वेळी मोठ्याने, अंगणाच्या पार टोकाला फुलं तोडणाऱ्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या.

"सहादू. ये. घरी ये."

सुपारी त्यांनी पाटावर ठेवली. पाचवीच्या शेजारी नव्हे, आईच्या.

छायाने दुसरा पाय आत घेतला. कुसाबाईने पदर सारून आपल्या शेजारी वीतभर जागा केली, आणि शुभांगीने तिच्या हातात ओवाळायचं तबक दिलं. नवरीच्या आत्याने ओवाळायचं असतं.

०

पान उलटा.

२१ मार्च १९७९ रोजी सकाळी साडेआठला रंगनाथ विधाते दादरच्या ट्रकवर झेंडू चढवायला द्वारकेला गेला होता. पाट्या सायकलच्या कॅरिअरला बांधलेल्या होत्या. रस्त्यापलीकडे, मालेगावकडच्या बाजूला, सहादू गाडीची वाट पाहत उभा होता. दोघांचंही मुंडण ताजं होतं. सहादूने हात वर केला. रंगनाथने मान वळवून पाहिलं. सायकल थांबवली नाही.